दोन रिमोटच्या ड्रोनवर चित्र जातं, तेव्हा नेमकं तुटतं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीत तुम्ही आणि तुमचा चुलतभाऊ मिळून लग्नाचं आणि प्री-वेडिंगचं शूटिंग करता. एका स्टुडिओवाल्याकडून डीजेआय कंपनीचा जुना इन्स्पायर १ ड्रोन घेतला, एक्स३ कॅमेऱ्याचा, दोन रिमोटसकट. ड्रोन तुम्ही उडवता, कॅमेरा भाऊ फिरवतो. घराच्या गच्चीवर सगळं व्यवस्थित चालतं. येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे शूटिंगला गेलात की भावाच्या टॅबवरचं चित्र आधी अडकतं, मग काळं होतं. कधीमधी तुमच्याही पडद्यावरचं जातं. दुकानदार म्हणतो बोर्ड गेलाय, बदलावा लागेल. मित्र म्हणतो रिमोटला बूस्टर, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणारं यंत्र, लाव. आधी काय करू, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात दोन्ही करू नका. बोर्ड खराब असता तर तो गच्चीवरही कधीतरी दगा देणारच. जागा बदलली की तक्रार सुरू होते, म्हणजे संशय आधी जागेवर, उभं राहण्याच्या पद्धतीवर आणि सिग्नलच्या वाटेवर घ्यायचा. अर्थात जुन्या मशीनमध्ये दोन आजार एकदम असू शकतात, आणि तुमच्या वर्णनावरून मला तशीच शंका येते. भावाचं चित्र जाण्याचं कारण वेगळं आणि तुमचं जाण्याचं वेगळं. ‘सिग्नल जातो’ या एकाच नावाखाली तुम्ही दोन्ही एकत्र केलीत, म्हणून उत्तर सापडत नाहीये.

चित्र भावाच्या टॅबपर्यंत कसं पोचतं ते आधी डोळ्यासमोर आणा. कॅमेऱ्यातून निघालेलं चित्र गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरून फिरवणाऱ्या भागाच्या, पिनांमधून ड्रोनच्या पोटात जातं. तिथून ते २.४ गिगाहर्ट्झवर हवेतून तुमच्या, म्हणजे मुख्य रिमोटवर येतं. तुमच्या रिमोटमधून केबलने तुमच्या टॅबवर उतरतं. आणि तुमच्याच रिमोटमधून ते दुसऱ्या वाटेने, ५.८ गिगाहर्ट्झवर, भावाच्या रिमोटकडे जातं, तिथून त्याच्या केबलने त्याच्या टॅबवर. इन्स्पायर १ मध्ये दुसरा रिमोट ड्रोनशी थेट बोलतच नाही. हिडकलच्या कालव्याला टोकाच्या शेतकऱ्याची जी गत असते, तीच भावाच्या पडद्याची: वर कुठेही पाणी अडलं की आधी त्याचं शेत कोरडं. म्हणून त्याचा पडदा काळा झाला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्या क्षणी तुमच्या पडद्यावर काय होतं, त्यावर सगळं ठरतं. नव्या काही मॉडेलांत दोन्ही रिमोट थेट ड्रोनला जोडलेले असतात, तिथे हे उत्तर जसंच्या तसं लागू पडणार नाही. पण तुमच्या मशीनला पडतं.

आता तपासायचं कसं. माझ्याकडे असा सेट आला की मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत नाही, आधी रिमोटवरचे दिवे बघतो. इन्स्पायर १ च्या रिमोटवर जो स्टेटसचा दिवा आहे, तो खूप काही सांगतो आणि लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. मुख्य रिमोट ड्रोनशी जोडलेला असेल तर तो स्थिर हिरवा असतो, जोडणी नसेल तर लाल. दुसरा रिमोट जोडलेला असेल तर निळा, नसेल तर जांभळा. आणि लाल-हिरवा किंवा लाल-पिवळा आळीपाळीने लुकलुकत असेल तर चित्राची खाली येणारी वाट विस्कळीत झाली आहे असा त्याचा अर्थ. पुढच्या वेळी भाऊ ‘गेलं गेलं’ म्हणाला की टॅबकडे नंतर बघा, आधी दोघांनीही आपापला दिवा बघून मोठ्याने रंग सांगायचा. ही एक सवय लावलीत तरी निम्मं काम झालं.

समजा तुमचा हिरवा आहे, तुमच्या पडद्यावर चित्र आहे, आणि भावाचा जांभळा झालाय. मग ड्रोन, कॅमेरा, गिंबल, तुमची केबल, सगळे निर्दोष. तुटलंय ते तुमच्या दोघांच्या मधलं. तुमचा हिरवा आणि त्याचा निळा असूनही त्याचा पडदा काळा असेल, तर रेडिओचा काही दोष नाही. त्याची केबल, टॅब किंवा अ‍ॅप यांच्यात घोळ आहे. तुमचाच लाल-हिरवा लुकलुकत असेल तर मात्र ड्रोन आणि तुम्ही यांच्यामधली हवा तपासायची, आणि त्या वेळी भावाला काही विचारण्यात अर्थ नाही, कारण त्याला मिळणारच नाही.

दुसरी खूण पडद्यावरच असते. चित्र काळं पडलं तरी उंची, अंतर आणि बॅटरीचे आकडे हलताहेत का ते बघा. आकडे चालू आणि चित्र बंद, असं असेल तर ड्रोनपासून टॅबपर्यंतची वाट बहुतेक जिवंत आहे. मग कॅमेऱ्याकडून चित्र निघत नाहीये, किंवा टॅबला ते उलगडून दाखवता येत नाहीये. आकडेही गोठले असतील तर वाटच तुटली. या दोन प्रकारांत आभाळ-जमिनीचा फरक आहे, आणि ‘चित्र जातंय’ एवढंच सांगितलं की दुकानदार त्याच्याकडे जो पार्ट पडून आहे तो बदलतो.

तिसरी तपासणी थोडी सामानाची आहे. मुख्य रिमोटच्या मागे छोटं एचडीएमआय पोर्ट आहे. त्याला एखादा साधा मॉनिटर लावा. टॅबवर काळं आणि मॉनिटरवर चित्र असेल, तर रिमोटपर्यंत चित्र बिनबोभाट पोचतंय. तुमची केबल किंवा टॅब बदला, बाकी कशाला हात लावू नका. लग्नात नवरदेवाच्या घरच्यांना दाखवायला मॉनिटर बरेच जण नेतात, पण तपासणीसाठी त्याचा उपयोग करणारा क्वचित दिसतो.

आता राजहंसगडाकडे येऊ, कारण तुमच्या तक्रारीचा गाभा तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की गाडी खाली लावून तुम्ही पायथ्यालाच थांबता, आणि भाऊ जोडप्याबरोबर वर तटाजवळ जातो, म्हणजे त्याला फ्रेम नीट दिसते. माझं मत स्पष्ट आहे: तुमची अडचण बहुतेक इथेच आहे. या मशीनमध्ये दोन रिमोटमधलं अंतर साधारण ५० मीटरच्या आत ठेवायचं असतं, आणि तेसुद्धा मोकळ्या मैदानात, एकमेकांना दिसत असताना. पायथ्यापासून तटापर्यंत तुम्ही त्याच्या पलीकडे जाता आणि वर मध्ये दगडी बुरूज येतो. ५.८ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम ५ सेंटिमीटरची. ती दगडाच्या भिंतीपलीकडे नीट पोचत नाही, चारचाकी मध्ये आली तरी दबते, इतकंच काय, भावाने तुमच्याकडे पाठ करून रिमोट पोटाशी धरला तर त्याचं अंगच आडवं येतं. गच्चीवर तुम्ही दोघं शेजारी उभे असता, म्हणून तिथे कधीच काही होत नाही.

यातच आणखी एक गोष्ट आहे जी जवळजवळ प्रत्येक जोडीमध्ये मला दिसते. कॅमेरावाला सवयीने आपल्या रिमोटचं तोंड ड्रोनकडे करतो. ड्रोन डावीकडे गेला की तोही डावीकडे वळतो. पण त्याच्या रिमोटला ड्रोनकडून काहीच मिळत नसतं, त्याला मिळतं ते तुमच्या रिमोटकडून. त्याने ड्रोनकडे डोळे लावायचे असतील तर लावावेत, पण रिमोट तुमच्या दिशेला मोकळा राहायला हवा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दोघांनी हातभर-दोन हात अंतर ठेवून शेजारी-शेजारी उभं राहायचं. बोलणंही सोपं जातं. वर जोडप्याला सूचना द्यायला तिसरा माणूस ठेवा, भाऊ नको.

तुमच्या स्वतःच्या पडद्यावरचं चित्र मात्र वेगळ्या कारणाने जात असावं. तुम्ही पायथ्याला, ड्रोन तटावरून पलीकडच्या उतारावर. डोंगराच्या मागे गेलेल्या ड्रोनचं चित्र येणार कुठून? २.४ गिगाहर्ट्झची लहर थोडी वळते, पण डोंगर ओलांडून येण्याइतकी नाही. लोक म्हणतात, ‘अहो, ड्रोन तर दिसत होता.’ नुसता दिसून भागत नाही. सिग्नलला सरळ रेघेभोवती थोडी मोकळी जागाही लागते. ड्रोन अर्ध्या किलोमीटरवर असेल तर वाटेच्या मधोमध ही मोकळीक सगळ्या बाजूंनी साधारण ४ मीटर हवी. म्हणजे तटाच्या कडेला घासून जाणारी रेघ डोळ्याला मोकळी वाटली तरी सिग्नलला अर्धी बंदच असते. हेच चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी भागात उसात होतं. ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला, तुम्ही बांधावर उभे, ड्रोन खाली उतरवून उसाच्या शेंड्यावरून सरकता शॉट घ्यायचा असतो. पानांत पाणी भरपूर, सिग्नल त्यातच विरतो. अशा शॉटला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहिलात तरी फरक दिसेल. राजहंसगडावर तर उत्तर सरळ आहे: तुम्हीही वर चला, आणि ज्या बाजूला शॉट आहे त्या बाजूच्या तटावर उभे राहा.

गोकाकला याच्या उलट होतं. तिथे पायलट वर कठड्याजवळ उभा राहतो आणि धबधब्याचा तळ घ्यायला ड्रोन खाली दरीत सोडतो. धबधबा सुमारे ५२ मीटर खोल कोसळतो. ड्रोन कड्याच्या खाली उतरला की मध्ये खडक येतो आणि चित्र फटकन जातं. ड्रोन आपल्यापेक्षा खाली नेण्याचा कुठलाही शॉट असेल, तर कडा आडवा येणार नाही अशी समोरची जागा आधी पायी शोधायची. ती सापडत नसेल तर तो शॉट सोडून द्यायचा. पावसाळ्यात तर अजिबात नको, तुषारांनीच मशीन भिजतं.

मंगल कार्यालयाची गोष्ट निराळी. तिथे डोंगर नसतो, गर्दी असते. शेकडो मोबाईल, त्यातले कितीतरी हॉटस्पॉट चालू, कार्यालयाचा वायफाय, वर एलईडी भिंतीला चित्र पाठवणारा वायरलेस सेट. संकेश्वरकडच्या एका जोडीचा दुसरा रिमोट वरात सुरू झाली की हमखास सुटायचा, दिवसभर ठीक. त्यांनी दुसरा रिमोट दुरुस्तीला पाठवायचं ठरवलं होतं. मी त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं की संध्याकाळी स्टेजवरचा कॅमेरावाला आपला वायरलेस व्हिडिओचा सेट चालू करतो, तोही ५ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालणारा, आणि हे दोघं नेमके स्टेजच्या बाजूला उभे. वीस-पंचवीस पावलं मागे सरकल्यावर रिमोट सुटणं थांबलं. म्हणून कार्यालयात पोचल्यावर इतर शूटिंगवाल्यांना आधीच विचारून घ्या की बाबांनो, तुमचं वायरलेस काय काय आहे. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत कोणी बोलावलं तरी हाच त्रास दसपटीने होईल, शिवाय तेवढ्या गर्दीवर ड्रोन नेणं मला सुरक्षेच्या दृष्टीनेही पटत नाही.

गर्दीच्या ठिकाणी चॅनल आपोआपवर न ठेवता स्वतः निवडून बघा. अ‍ॅपमध्ये एचडीच्या पानावर प्रत्येक चॅनलवर किती गोंगाट आहे ते आलेखात दिसतं. टेकऑफच्या आधी ते अर्धा मिनिट बघत राहा. एका क्षणाला जो शांत दिसतो तो पुढच्या क्षणाला गजबजतो, त्यामुळे सतत शांत राहणारा चॅनल धरा. तिथेच चित्राचा दर्जा एमबीपीएसमध्ये ठरवता येतो. लोक तो सगळ्यात वर ठेवतात, कारण पडद्यावर छान दिसतं. पण जितका दर्जा जास्त तितका सिग्नल चांगला लागतो. लांबच्या किंवा गर्दीच्या शॉटला तो ४ वर आणा. पडद्यावर थोडं धूसर दिसेल, कार्डावरच्या रेकॉर्डिंगवर त्याचा काहीही परिणाम होत नाही; कार्डावर जे जातं ते कॅमेऱ्यातच लिहिलं जातं. पडदा काळा झाला तरी आधीच सुरू केलेलं रेकॉर्डिंग चालूच राहतं, हेही लक्षात असू द्या. चित्र गेलं की शॉट गेला असं समजून घाईघाईने रिमोटवरच्या काठ्या हलवण्यातून जास्त नुकसान होतं.

टॅबबद्दल थोडक्यात. दोन्ही टॅब एअरप्लेन मोडवर ठेवा आणि वायफाय वेगळा बंद करा. केबल फक्त चार्जिंगची नसावी, डेटाचीही हवी; शक्य तितकी आखूड, आणि ड्रोनसाठीच वेगळी ठेवलेली. रात्री मोबाईल चार्ज करायला वापरलेली केबल टोकाशी सैल होते आणि रिमोट थोडा हलला की चित्र जातं. टॅबमध्ये जागा भरलेली असेल तर अ‍ॅप अडखळतं, कारण उड्डाणाचं चित्र ते टॅबवरही साठवत असतं. ते साठवणं बंद करा. अँड्रॉइड टॅबवर आकडे दिसतात पण चित्र काळं, असं असेल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंगचा पर्याय आहे, तो बदलून बघा. एप्रिल-मेच्या उन्हात टॅब तापून स्वतःच बंद पडतो, तेव्हा तो सावलीत ठेवणं हाच इलाज.

कॅमेऱ्याच्या जोडणीकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण मशीन जुनं आहे आणि आपल्या भागातल्या मातीत वापरलेलं आहे. ड्रोन बंद करा, बॅटरी काढा, मग गिंबलचं लॉक फिरवून कॅमेरा उतरवा. चालू मशीनवरून कॅमेरा कधीही काढायचा नाही. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून पिनांकडे बघा. खानापूर, जांबोटीकडे ज्या ड्रोननी मोकळ्या जागेतून टेकऑफ केलंय, त्यांच्या पिनांच्या मुळाशी तांबड्या मातीची इतकी बारीक रेघ बसलेली असते की वरून बघून ती पिनेचाच रंग वाटते. उसाचं पाचट जाळलेल्या रानात उडवलेल्या मशीनमध्ये हीच रेघ काळी असते. मऊ ब्रशने आधी कोरडी माती झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं लावून पुसा, पूर्ण वाळू द्या. ओल्या कापडाने पुसू नका, फुंकर मारू नका. फुंकरीतून ओल जाते आणि माती आत सरकते. एखादी पिन वाकलेली किंवा आत दबलेली दिसली तर स्वतः सरळ करायला जाऊ नका, ते काम भिंगाखाली करायचं. परत बसवताना लॉक शेवटपर्यंत फिरलंय का ते हाताने चाचपून बघा. अर्धवट फिरलेलं लॉक जमिनीवर चित्र देतं आणि मोटर सुरू झाल्यावर, थरथर लागली की, सोडतं. तुमच्या आकड्यांच्या तपासणीत ‘आकडे चालू, चित्र बंद’ असं निघालं तर सगळ्यात आधी इथे या. आणि आधीच्या मालकाला एकच प्रश्न विचारा: ड्रोन कधी जोरात आपटला होता का? आपटलेल्या मशीनमध्ये आतल्या अँटेनाची तार जागेवरून सुटलेली असू शकते, आणि मग अंतर वाढलं की चित्र लवकर सोडायला लागतं. ती गोष्ट बाहेरून दिसत नाही, उघडूनच बघावी लागते.

सेकंडहँड सेटमध्ये आणखी एक पाहायचं. दुसरा रिमोट मुळात याच ड्रोनबरोबरचा आहे की कुठून तरी आणून जोडलाय? फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, ड्रोनचं, मुख्य रिमोटचं आणि दुसऱ्या रिमोटचं, तिन्हींचं तपासा. ड्रोन आणि मुख्य रिमोट अद्ययावत करतात आणि दुसरा रिमोट पिशवीतच राहतो, हे नेहमीचं आहे. आवृत्त्यांचा मेळ नसला की जोडणी होते, पण धरून राहत नाही. मेळ बसवून झाल्यावर दुसरा रिमोट नव्याने जोडा: मुख्य रिमोटवर पासवर्ड ठरवा, दुसऱ्यावर यादीत त्याचं नाव शोधा आणि पासवर्ड टाका. दोन्ही रिमोटच्या बॅटऱ्याही पूर्ण भरा. दुसरा रिमोट कोणी आठवणीने चार्जिंगला लावत नाही.

आता उडवताना चित्र गेलं तर काय. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इन्स्पायर १ ला पायलटसाठी वेगळा कॅमेरा नाही. तुम्ही आणि भाऊ एकच चित्र बघता, आणि ड्रोनचे पाय वर उचललेले असताना कॅमेरा गोल फिरतो. म्हणजे पडद्यावर जोडपं समोर दिसत असलं तरी ड्रोनचं नाक भलतीकडेच असू शकतं. चित्र चालू असतानाही तुम्ही त्या पडद्यावर विसंबून उडवता कामा नये. नजर ड्रोनवर, पुढचे दिवे लाल, मागचे हिरवे, एवढं सतत ध्यानात. चित्र गेलं की दोन्ही काठ्या सोडा, मशीन जीपीएसवर जागेवर थांबेल. भावाला सांगा, गिंबलला हात लावू नको. मग स्वतः चार पावलं सरका, अँटेनाच्या सपाट बाजू ड्रोनकडे करा, टोकं नव्हे. टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो. तरी चित्र आलं नाही तर ड्रोन थोडा वर घ्या, आडव्या आलेल्या कड्याच्या वर आला की बहुतेक वेळा चित्र परत येतं. तेही नाही झालं तर नजरेने किंवा आरटीएचने, म्हणजे ड्रोनला उडालेल्या जागी आपोआप परत बोलावण्याच्या सोयीने, परत आणा. नुसतं चित्र गेलं म्हणून ड्रोन आपोआप परत येईल असं धरून बसू नका. आपोआप परतणं हे हुकमाचा सिग्नल तुटण्याला जोडलेलं आहे, आणि तो बऱ्याचदा चित्र गेल्यावरही शाबूत असतो. आरटीएचची उंची त्या जागेवरच्या सगळ्यात उंच गोष्टीपेक्षा वर ठेवा: राजहंसगडावर बुरूज, झाडं, शिवरायांचा पुतळा, सगळं मोजून. दर जागेला ही उंची नव्याने ठरवायची.

बूस्टरबद्दल विचारलंत. नका लावू. तुमची अडचण ताकदीची नाही, आडोशाची आहे. बूस्टरने डोंगर बाजूला होत नाही. शिवाय तो मुख्यतः तुमच्याकडून जाणारा आवाज मोठा करतो, ड्रोनकडून येणारं चित्र ड्रोनच्याच ताकदीवर येत असतं. आणि २.४ व ५.८ चे पट्टे आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतात ते ठरवून दिलेल्या ताकदीच्या मर्यादेत, त्यापलीकडे गेलात तर नियम मोडता. कंपनीने जाहीर केलेलं किलोमीटरांचं अंतर मोकळ्या, शांत मैदानातलं असतं; आणि ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा म्हटलं की ते अंतर आपल्या कामालाच येत नाही.

नियमांचं आणखी थोडं, कारण तुम्ही व्यवसाय करता. ‘ड्रोन नियम २०२१’ प्रमाणे तुमचं मशीन २ किलोच्या वरचं आहे, त्यामुळे ‘स्मॉल’ गटात येतं. मशीनचा नोंदणी क्रमांक आणि पायलटचं प्रमाणपत्र दोन्ही लागतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा भाग, म्हणजे आधी परवानगी न घेता उडवता येईल असा भाग, २०० फुटांपर्यंतच असतो. आपल्याकडे सांबऱ्याचा विमानतळ आहे, शहरात कॅम्पचा लष्करी भाग आहे. बेळगावात काम घेताना डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर जागा बघितल्याशिवाय तारीख देऊ नका. सीमेपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात गेलात तरी हे नियम केंद्राचेच असल्यामुळे तेच लागू राहतात.

आता पुढच्या सुट्टीच्या दिवशी असं करा. एखाद्या मोकळ्या माळावर ड्रोन पंख काढून जमिनीवर चालू ठेवा. तुम्ही ड्रोनपासून थोडं लांब उभे राहा, भाऊ तुमच्या शेजारी. पाच-दहा मिनिटं दोन्ही पडदे चालतात का बघा. मग ड्रोन आणि तुम्ही तिथेच राहा, आणि फक्त भावाला पावलं मोजत लांब जायला सांगा. कुठे जांभळा होतो ते पाऊल लिहून ठेवा. मग भावाला तुमच्याकडे पाठ करून उभं राहायला सांगा आणि पुन्हा मोजा. त्यानंतर दोन्ही टॅब आणि केबली आपसात बदलून पहिल्यापासून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही. भाऊ शेजारी असताना, टॅब आणि केबल बदलूनही, त्याचा दिवा जांभळा होत असेल तर मात्र दुसऱ्या रिमोटमध्येच दोष आहे, आणि दुरुस्तीला फक्त तोच द्या, ड्रोन देऊ नका.

हे झाल्यावर मला तीन गोष्टी लिहून कळवा: चित्र जाताना दोन्ही दिव्यांचे रंग कोणते होते, आकडे चालू होते की गोठले, आणि पिनांचा टॉर्चच्या उजेडातला एक फोटो. बोर्डाचा विषय त्यानंतर बोलू. तोपर्यंत दुकानदाराला आगाऊ पैसे देऊ नका.